खडू हलता कामा नये

जूनच्या अखेरीस माझ्या गाडीत एक रातकिडा शिरला, असं मला आठवडाभर वाटत होतं. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली, इंजिन आपल्याच तंद्रीत घरघरायला लागलं की तो सुरू व्हायचा. किर्र, किर्र, किर्र. मधे दम घेतल्यासारखी बारीकशी फट. सिग्नल सुटून ॲक्सिलरेटरवर पाय पडला की गप्प. एसी लावला की पुन्हा हजर, आणि आता जरा चिडलेला. काचेबाहेर पाऊस, वायपरची ये-जा, आणि कोल्हापूरच्या पावसात जे किर्र वाजतं ते रातकिड्याशिवाय दुसरं काय असणार, असं मानायला मन तयारच असतं. पण रातकिड्याला एसीचं बटण कळत नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी मी गाडी गॅरेजला नेली.

गॅरेजचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नाहीत. मिस्त्रींनी बॉनेट उचललं, कान लावला आणि मिनिटभरात निकाल दिला. "ताई, बेल्ट सुकलाय. बदलून टाकूया." बदलला. अकरा दिवस शांतता. बाराव्या दिवशी, दूध घेऊन येताना, किर्र. मग टेन्शनर बदलला, म्हणजे बेल्टला ताणून धरणारं ते छोटं चाक. त्याचं बेअरिंग गेलंय, असं कळलं. त्यानं सहा दिवस मिळाले. मग पुन्हा बेल्ट, या वेळी भारीतला. "आता नाही वाजणार." नऊ दिवस.

नव्या बेल्टचं रबर कोरं असतं, ते पुलीच्या खाचांना घट्ट धरतं, वाकड्या चाकावरसुद्धा काही दिवस निमूट पळतं. म्हणजे प्रत्येक वेळी औषध लागू पडलं होतं आणि प्रत्येक वेळी निदान चुकलं होतं. अशी चूक फार गोड असते. बिल देताना माणूस आभारसुद्धा मानतो.

रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा मी स्वतःच बॉनेट उघडलं. आमच्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं. त्यामुळे पट्ट्याची सगळी बाजू उजव्या चाकाच्या अंगाला, अंधाऱ्या बोळात असावी तशी. वर अल्टरनेटर दिसतो, त्याच्याखाली एसीचा कॉम्प्रेसर, आणि सगळ्यांच्या तळाशी, चाकाच्या खोबणीत लपलेली, ती मोठी पुली. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बसलेली. बाकीची चाकं पट्टा फिरवतो म्हणून फिरतात. पट्ट्याला फिरवते ती ही. इंजिन सुरू ठेवून मी मोबाइलचा उजेड त्या फटीत सोडला. आधी काहीच दिसलं नाही. मग बॉनेटच्या आतल्या बाजूला बोट लागलं आणि काळं झालं. काजळासारखी बारीक पूड. पट्टा झिजून उडालेली. ती पूड ज्या रेषेत उडाली होती त्या रेषेनं नजर खाली नेली, आणि पुलीच्या खाचा पोहताना दिसल्या. दुसरा शब्द नाही. खाचा जागच्या जागी फिरायला हव्यात, म्हणजे फिरताना स्थिर दिसायला हव्यात. इथे त्या पुढे यायच्या, मागे जायच्या. पाण्यावरची लाट जशी पुढं सरकल्यासारखी दिसते पण कुठं जात नाही, तशा.

मी मोबाइलवर पुलीचं संथ गतीतलं चित्रण केलं. हिशेब सोपा आहे. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तेरा. डोळ्याला तेरा फेऱ्यांतला एक वेगळा काढता येत नाही. फोन सेकंदाला 240 चित्रं टिपतो, म्हणजे एका फेरीची अठरा. त्या अठरा चित्रांत पुली अशी डुलत होती, की बघताना मला गाडीत बसायची भीती वाटायला लागली. तो व्हिडिओ घेऊन मी घरात गेले. आप्पा पेपर वाचत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. शाळा सातवीपर्यंत. नंतरची चाळीस-बेचाळीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात, आधी दुसऱ्याच्या आणि मग भाड्याच्या शेडमध्ये स्वतःच्या लेथवर. टर्नर. उद्यमनगर ज्यांनी त्या काळात पाहिलंय त्यांना सांगायला नको: एका दारात ओतकामाची वाळू, दुसऱ्या दारात लोखंडाचा कीस, आणि तिसऱ्यात चहा. ऑइल इंजिनाचे निम्मे सुटे भाग त्या गल्ल्यांत जन्मायचे आणि उसाच्या मळ्यात मोटेच्या जागी जाऊन बसायचे. लेथ विकला त्याला आता बरीच वर्षं झाली. आप्पांनी त्यातलं फक्त एक डायल गेज ठेवून घेतलं, मऊ फडक्यात गुंडाळून, कपाटात आईच्या साड्यांच्या खाली.

त्यांनी व्हिडिओ चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"आऊट मारतीय," म्हणाले. "पण फोनचं काय सांगू नकोस मला. फोन सरळ पट्टी पण वाकडी दाखवतो." हे खरं आहे. फोनचा कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळी-ओळीनं घेतो; तेवढ्यात चाक पुढे सरकलेलं असतं. आप्पांना हे कारण माहीत नव्हतं. निष्कर्ष माहीत होता.

"आणि बेल्ट दोनदा बदललास? वाजतोय म्हणून? पोरगं रडतंय म्हणून पोरगंच बदलणार हाईस व्हय?"

आऊट मारणे. पुस्तकात हा शब्द सापडणार नाही, पण सायकल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तो रोज वापरला जातो. चाक आपल्या मध्यापासून ढळून फिरायला लागलं की ते आऊट मारतं, आणि कारागीर तो आऊट 'काढतो'. जणू काटा काढावा. मी सातवीत असताना माझी सायकल एका खड्ड्यात आपटली आणि पुढचं चाक ब्रेकला घासायला लागलं. आप्पांनी सायकल उलटी केली, चाकाला हलका धक्का दिला आणि शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. मला वाटलं, ते आता कुठं वाकलंय ते शोधून तिथं खूण करणार. त्यांनी तसं काही केलं नाही. हात फोर्कवर घट्ट टेकवला, खडूचं टोक रिमच्या जवळ आणलं, इतकं जवळ की लागेल न लागेल, आणि नुसते बसून राहिले. चाक फिरत होतं. खडू तसाच. मग सर्रकन एक आवाज आला, पुढच्या फेरीला पुन्हा, आणि चाक थांबलं तेव्हा रिमवर वीतभर पांढरी रेघ होती. तेवढाच भाग बाहेर आलेला.

"आपण हुडकत बसायचं नाही," आप्पा म्हणाले होते. "त्यो येतो खडूपाशी. आपला खडू तेवढा हलला नाही पाहिजे."

लेथवर चार जबड्यांच्या चकात ओबडधोबड ओतीव तुकडा बसवतानाही ते हेच करायचे. आधी डोळा, मग खडू, मग सुई, आणि सगळ्यात शेवटी डायल गेज. मोजमापाची एककंही तशीच उतरत जायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ते डोळ्याचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा, ते गेजचं. आमच्या घरात मुलीचं लग्न 'दोन सूत इकडं-तिकडं' चालायचं, पण भाकरीचा काठ 'दोन थाऊ'सुद्धा चालायचा नाही.

आता या पुलीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती दिसते तशी नाही. बाहेरून ती लोखंडाची एक जाड थाळी. पण ती एक नसून दोन असतात. मधला तुंबा क्रँकच्या नाकावर बसतो; बाहेरचं जड कडं पट्टा फिरवतं; आणि दोघांच्या मध्ये बोटाएवढ्या जागेत रबराचं वळं, दाबून बसवलेलं. लोखंडाला लोखंड कुठेच टेकत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला फसवणूक वाटली होती. एवढी ताकद ओढणारं चाक, आणि ते रबरावर?

कारण क्रँकमध्ये आहे. आपण म्हणतो, इंजिन फिरतं. खरं तर इंजिन ठोकतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठोके. उभ्या गाडीत सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. डिझेलचे तर अधिकच कडक. प्रत्येक ठोक्याला तो पोलादी दांडा किंचित पिळला जातो आणि सुटतो, ओला पंचा पिळून सैल सोडावा तसा, फक्त अंशाच्या काही भागाइतका. दांड्याची स्वतःची एक थरथर असते, घंटेची असते तशी. आणि ठोक्यांची लय नेमकी त्या थरथरीशी जुळली, की नागपंचमीच्या झोक्याचं होतं ते होतं. झोक्याला जोर लागत नाही. नेमक्या वेळी नुसतं बोट लावलं तरी तो फांदीपर्यंत जातो. क्रँक फांदीपर्यंत जाऊ शकत नाही. तो तुटतो.

मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा हे खरोखरच होत असे, विशेषतः सहा सिलिंडरच्या लांब क्रँकांचं. चालती गाडी एका ठराविक वेगाला अंगात आल्यासारखी कापायची आणि केव्हातरी दांडा मोडायचा. रोल्स-रॉइसवाल्या हेन्री रॉइसला या दुखण्यानं पछाडलं होतं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं 1910च्या सुमारास त्यावर तोड काढली: क्रँकच्या टोकाला एक जड चकती बसवायची, पण पक्की नाही. जराशी ढिली. दांडा थरथरला की चकती त्याच्या मागे रेंगाळते, त्याच्याबरोबर कापायला नकार देते, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत थरथरीची उष्णता होऊन जाते. रबराची युक्ती नंतरची, तत्त्व तेच. त्याच 1910 साली इकडे कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर निवडुंग काढून किर्लोस्करवाडी वसवत होते. त्यांनी सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानानं केली होती, लोखंडी नांगर नंतर आले. आप्पांना ही गोष्ट फार आवडते. "सायकलचा आऊट काढला नाही त्याला मशीन कळत नाही," हा त्यांचा त्यावरचा शेरा. इतिहासाच्या दृष्टीनं त्याला आधार शून्य.

इथे मला घराचे सगळे हादरे स्वतःत जिरवणाऱ्या आईची आठवण यायला हवी. ललित निबंधाचा तसा रिवाजच आहे, आणि रबराचं वळं समोर तयार आहे. पण माझी आई हादरे जिरवणारी नव्हती, देणारी होती. आप्पांच्या कामाचे पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकांकडे वसुलीला तीच जायची. तेव्हा ते राहू दे.

मला आठवली ती राधानगरीच्या वाटेवरची, आप्पांच्या गावची पिठाची गिरणी. मी लहानपणी सुट्टीत जायचे. भिंतीच्या पलीकडे ऑइल इंजिन पुक-पुक करायचं आणि भोकातून एक लांबलचक सपाट पट्टा आत येऊन जात्याला फिरवायचा. पट्ट्याचा सांधा दर फेरीला टक् वाजायचा. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला चिमूटभर राळ त्याच्यावर टाकायचा. पट्टा शहाण्यासारखा धरायचा. पीठ बारीक यायचं. तासाभरानं पुन्हा राळ. सगळ्या गावाला ठाऊक होतं की इंजिनाचं चाक वाकडं आहे. पण राळ स्वस्त होती. माझे दोन बेल्ट आणि एक टेन्शनर म्हणजे तीन चिमटी राळ.

दुपारी आप्पा लुंगी सोडून विजार घालून आले, तेव्हाच कळलं की आता काम होणार. गाडी सपाट फरशीवर. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, गिअर न्यूट्रल. गाडीची चावी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, तर म्हणाले, "जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. घोडी लाव." घोडी, म्हणजे गाडीखाली लावायचा लोखंडी टेकू, शेजारच्यांकडून आणली. चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं आवरण सोडवलं, आणि पुली हाताच्या अंतरावर आली. मला सांगितलं: ओढणी काढून ठेव.

जवळून पाहिल्यावर रबराचं वय दिसलं. कडेला बारीक भेगा, आणि एका बाजूला, साधारण दोन बोटं, रबर फटीतून बाहेर फुगलेलं. पुरणपोळी लाटताना काठ फुटून पुरण बाहेर यावं, अगदी तसं. पण आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. डोळ्याला जे पहिल्यांदा दिसतं त्याच्यावर त्यांचा राग असतो.

प्रश्न त्यांच्या दृष्टीनं असा होता: डुलतंय कोण? कडं डुलतंय, की तुंबा डुलतोय, की ज्या क्रँकवर दोघं बसलीत तो क्रँकच? बाहेरून तिन्हीचं नाटक एकच दिसतं. पट्टा तिन्हीत वाजतो. पण पहिल्यात पुली बदलून भागतं, दुसऱ्यात बोल्ट आणि क्रँकच्या खाचेतल्या चावीचा घोळ निस्तरावा लागतो, आणि तिसऱ्यात इंजिन खोलावं लागतं. खर्चाच्या दृष्टीनं हे म्हणजे सर्दी, न्यूमोनिया आणि त्याच्याही पुढचं.

त्यांनी सायकलच्या चाकाची एक जुनी तार आणली. गाडीच्या इंजिनाचा आऊट सायकलच्या तारेनं काढायचा, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. तार जवळच्या एका ब्रॅकेटच्या बोल्टला आवळली, तिचं टोक वाकवून कड्याच्या काठासमोर आणलं. मध्ये तांदळाचा दाणा जाईल एवढी फट. मग मी मधल्या बोल्टला पाना लावून क्रँक हातानं फिरवायला लागले. सावकाश, आणि इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं. उलटं फिरवलं तर बोल्ट ढिला होण्याची भीती, आणि टायमिंग बेल्टचा, म्हणजे आवरणाच्या आतल्या वेगळ्या दातेरी पट्ट्याचा, ताण सुटून दाते सरकण्याचीही. कॉम्प्रेशन आडवं यायचं, हात जड व्हायचा, मग सुस्कारा टाकून इंजिन वाट द्यायचं.

पाव फेरी. फट तेवढीच. अर्धी फेरी, आणि फट बारीक होत होत टिक्. कडं तारेला येऊन टेकलं. पुढे फिरवलं तर ते लांब जायला लागलं आणि शेवटी दोन दाणे जातील एवढी फट पडली. आप्पांनी वाकून पाहिलं. "एक सूत."

मग तीच तार आत सरकवून तुंब्यासमोर. पुन्हा फेरी. मी फिरवत होते आणि ते फक्त फट बघत होते; पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता आणि त्यांच्या मानेवर पडत होता. पूर्ण फेरी झाली. फट ना वाढली, ना घटली. आणखी एक फेरी करायला लावली. तेच.

माझा जीव भांड्यात पडला. तुंबा सरळ, म्हणजे निदान डोळ्याला तरी क्रँक सरळ. मी पाना ठेवला, तर म्हणाले, "वाकडी हाय हे कळलं. सुटलीय का, हे कुठं कळलं?"

कडं वाकडं असू शकतं पण रबरानं धरून ठेवलेलं. किंवा रबर सुटून ते तुंब्याभोवती घसरतही असू शकतं. दुसरं असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, कारण असं कडं केव्हातरी निघून जातं. पट्टा तुटतो, अल्टरनेटर बंद, पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिन तापतं, आणि पट्ट्याच्या चिंध्या टायमिंग बेल्टच्या आवरणात शिरल्या तर पुढचं बोलायलाच नको. हे ओळखायची रीत इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटतो. तुंबा, रबर आणि कडं, तिघांवरून एक सरळ रेघ ओढायची. गाडी चालवायची. परत येऊन रेघ बघायची.

खडू पावसात टिकणार नव्हता. मी आतून नेलपॉलिश आणलं. आप्पांनी बाटली उजेडाकडे धरून रंग पाहिला, काही बोलले नाहीत. अलीकडे त्यांचा हात कापतो. चहाची बशी वाजते. त्यांनी मनगट गाडीच्या पत्र्यावर टेकवलं, श्वास धरला, आणि तुंब्यापासून कड्याच्या काठापर्यंत गर्द लाल रेघ ओढली. सरळ.

मी गगनबावड्यापर्यंत जाऊन येते म्हणाले तर खेकसले. रंकाळ्याला दोन चकरा पुरे. एसी लावून, दिवे लावून, म्हणजे पट्ट्यावर पुरेसा भार यावा. तळ्याचं पाणी त्या दिवशी रस्त्याच्या रंगाचं झालं होतं, भुट्टेवाल्यांच्या गाड्यांवर निळी प्लॅस्टिकं, आणि माझा रातकिडा पहिल्या चकरेतच गायला लागला. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. तो खरं बोलत होता, एवढं तर आता ठाऊक झालं होतं. तीन वेळा त्याला गप्प करण्याचे पैसे मी मोजले होते.

परत आल्यावर टॉर्च मारला. रेघ तुटली होती. तुंब्यावरचा लाल तुकडा वर, कड्यावरचा तीन बोटं मागे. मधल्या रबरावर रंगाचे पापुद्रे. आप्पा रेघेकडे नुसतं पाहत राहिले आणि मग "हं" म्हणाले. लेथवरचा एखादा तुकडा मनासारखा मध्यात बसला की ते असंच "हं" म्हणायचे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. संपली नाही.

मंगळवारी गॅरेजचे तेच मिस्त्री नवी पुली घेऊन घरी आले. आप्पांनी गाडी तिकडे पाठवायला साफ नकार दिला होता, आणि मी मिस्त्रींना फोनवर काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. मधला बोल्ट काढायचा होता. हा बोल्ट गाडीतल्या सर्वांत घट्ट बोल्टांपैकी. मिस्त्रींनी त्यासाठी पान्याच्या दांड्यावर घालायला हातभर पाइप आणला होता, क्रँक अडकवून ठेवायची पट्टी आणली होती, मदतीला एक पोरगा आणला होता. बॉक्स पाना बसवला, पाइप घातला, पोराला गाडी धरायला लावली, आणि हिसका दिला.

बोल्ट पहिल्याच हिसक्याला सुटला. कुरकुर नाही, काही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघावं तसा.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्री बोल्टाकडे पाहत होते, आप्पा मिस्त्रींकडे. चौदा महिन्यांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलला तेव्हा ही पुली शेवटची निघाली होती आणि शेवटची बसली होती. कुठे, ते सगळ्यांना माहीत होतं.

पुली ओढून काढल्यावर क्रँकच्या नाकावरची चावी दिसली: खाचेत बसणारा पोलादाचा छोटा चौकोनी तुकडा. तिची एक बाजू आरशासारखी चकाकत होती. आप्पांनी ती नखानं चाचपली. पायरी पडली नव्हती. नुसती घासायला लागली होती. लोकांना वाटतं, पुलीला फिरवते ती चावी. तसं नसतं. बहुतेक इंजिनांत चावी फक्त जागा दाखवते, पुली कुठे बसायची ते. खरी पकड असते ती बोल्टच्या आवळण्याची. तो दोन पृष्ठभागांना इतकं दाबून धरतो की त्यांना एकमेकांवरून सरकताच येत नाही. बोल्ट ढिला पडला की ते काम बिचाऱ्या चावीवर येतं, दर ठोक्याला ती एका बाजूला आपटते, मग दुसऱ्या बाजूला, आणि महिन्या-दोन महिन्यांत स्वतः मरते आणि मरताना क्रँकची खाच खाऊन जाते. तारेच्या टोकाला हे दिसलं नव्हतं, कारण अजून ते डोळ्याच्या मापात आलेलं नव्हतं.

आप्पा आत गेले आणि साड्यांखालून गेज घेऊन आले.

चुंबकाचा पाया त्यांनी आधी पुढच्या आवरणावर ठेवून पाहिला. तो चिकटेना, आवरण ॲल्युमिनियमचं. मग मागे इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकवर ठेवला, तिथे त्यानं घट्ट धरलं. सुईचं टोक क्रँकच्या नाकावर टेकवलं, काटा शून्यावर आणला. बोल्ट पुन्हा सैलसर घालून मिस्त्रींनी क्रँक फिरवायला घेतला, इतका हळू की मला तो फिरतोय हे काट्यावरूनच कळत होतं. त्या तबकडीवरचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. माणसाचा केस त्याच्या पाच-सात पट जाड असतो. काटा शून्यावरून निघाला, एका भागावर गेला, दुसऱ्यावर रेंगाळला. चावीच्या खाचेवर धपकन पडला. ते मोजायचं नसतं. पुन्हा वर आला, दोन, एक, शून्य.

"पाऊण थाऊ," आप्पा म्हणाले. "क्रँक वाचला."

मग क्रँक पुढेमागे ढकलून त्याची सरक पाहिली. क्लच दाबला की क्रँक पुढे येतो, आणि आतली थ्रस्ट बेअरिंगं झिजलेली असली तर पुलीही त्याच्यासोबत आत-बाहेर डोलते. तीही परवडण्याजोगी निघाली, मिलिमीटरचे दोन दशांश. नाकाची, तुंब्याची जागा केरोसीननं पुसली. चावी नवी. पुली नवी. मिस्त्रींनी जुनाच बोल्ट उचलला, आणि माझा हात त्यांच्या मनगटावर गेला. आप्पांचाही त्याच वेळी गेला. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: आधी ठराविक जोरापर्यंत आवळायचा, मग तिथून पुढे ठराविक अंश. अशा रीतीनं आवळलेला बोल्ट आतून ताणला जातो, रबरबँडसारखा. त्या ताणावरच त्याची पकड. एकदा ताणलेला दुसऱ्यांदा तितकं धरेल याचा भरवसा नसतो. चौदा महिन्यांपूर्वी काय झालं असेल, ते आता सांगायला कुठलं गेज लागत नव्हतं.

मिस्त्रींचा पोरगा नवा बोल्ट आणायला पावसात गेला. तोवर चहा झाला. मिस्त्रींनी जुनी पुली हातात घेऊन लाल रेघेवरून अंगठा फिरवला आणि आप्पांना विचारलं, "काका, ही आयडिया कुणी शिकवली?" आप्पा म्हणाले, "सायकलवाल्यानं." बेल्टचे आणि टेन्शनरचे पैसे मिस्त्रींनी परत देऊ केले, मी अर्धे घेतले. टेन्शनर खरोखरच गेला होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

नवा बोल्ट टॉर्क पान्यानं आवळला. आकडा पुरा झाल्याचा कट् आवाज आल्यावर मिस्त्रींनी बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी खडूच्या खुणा केल्या आणि उरलेले अंश मोजून फिरवले. पाइप धरायला आम्ही तिघं होतो. गाडी सुरू केली. एसी लावला. दिवे लावले. पट्टा असा पळत होता की तो पळतोय हे पटावं म्हणून मला त्यावरचं छापील अक्षर शोधावं लागलं, आणि ते दिसेना.

तुमच्याही गाडीत असा रातकिडा शिरला असेल तर बेल्ट बदलायच्या आधी तुंबा, रबर आणि कडं यांवरून एक रेघ ओढा. नेलपॉलिश पावसात टिकतं. आणि पुली बदलाल तेव्हा मधला बोल्ट नवाच घाला, मिस्त्री नको म्हणाले तरी. आमच्या गाडीचा तीनशे रुपयांच्या आत मिळाला.